उंदराच्या मेंदूतलं तांबं, जस्त, लोह : लेझर आणि मास स्पेकच्या नोंदी

६ जानेवारी

हाती आहेत प्रौढ उंदरांचे गोठवलेले मेंदू, दुसऱ्या एका प्रकल्पातून उरलेले. शोधायचं ते एवढंच: हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणाशी जोडलेला भाग) आणि त्याच्या आसपास तांबं, जस्त, लोह, मँगनीज कुठे आहे आणि किती आहे. ‘कुठे’चं उत्तर लवकर मिळतं. लेझर फिरवला की रंगीत चित्र पडद्यावर येतंच. ‘किती’ हा मात्र वेगळाच मामला आहे, त्यामुळे या नोंदींत चित्रांपेक्षा पडताळणीच जास्त सापडेल.

गटात नव्याने आलेल्यांसाठी यंत्रणा थोडक्यात. २१३ नॅनोमीटरचा लेझर छेदावर (मेंदूच्या पातळ कापावर) ठरावीक मापाचा ठिपका टाकतो आणि तेवढी ऊती उडवतो. उडालेली बारीक धूळ हेलियम वाहून नेतो, वाटेत त्यात आर्गॉन मिसळतो, आणि सगळं काही हजार केल्विनच्या आर्गॉन प्लाझ्मात (तापून आयन झालेल्या वायूत) जातं. तिथे रेणू तुटतात, अणूंचे आयन होतात, आणि मास स्पेक (मास स्पेक्ट्रोमीटर), म्हणजे आमचा क्वाड्रुपोल, एकेका वस्तुमानाचे आयन मोजतो. स्टेज एका रेषेत सरकत राहतं. रेषेशेजारी रेषा लावली की नकाशा. रेणूंची ओळख या प्रवासात पूर्ण पुसली जाते, हे लक्षात ठेवायचं. जस्त कोणत्या प्रथिनाला चिकटलेलं होतं ते इथे कधीच कळणार नाही. फक्त जस्त आहे, एवढंच कळेल.

हे तंत्र मुळात दगडांसाठी आलं. १९८५ साली ग्रे यांनी रूबी लेझर वापरून घन नमुने थेट प्लाझ्मात नेले. भूगर्भशास्त्राची मंडळी आजही याला आपलं घरचं यंत्र समजतात आणि आमच्या ओलसर, मऊ नमुन्यांकडे जरा संशयाने बघतात. त्यांचा संशय रास्त आहे, ते पुढे कळेलच.

९ जानेवारी

नमुन्यांची कागदपत्रं वाचली. दोन गोष्टी चांगल्या: मेंदू फॉर्मलिनमध्ये ठेवलेले नाहीत, आणि सुक्रोजच्या (साखरेच्या) द्रावणातही बुडवलेले नाहीत. द्रवात ठेवलेल्या ऊतीतून धातू बाहेर झिरपतात. सोडियम-पोटॅशियम तर जवळजवळ वाहूनच जातात, पण सैल बांधलेलं जस्त आणि मँगनीजही हलतं. ऊतिशास्त्राच्या दृष्टीने सुबक असलेला छेद धातूंच्या दृष्टीने निकामी असू शकतो.

तिसरी गोष्ट अर्धी चांगली. रक्त धुवून काढण्यासाठी फॉस्फेट बफर सलाइनने (फॉस्फेट मिसळलेल्या मिठाच्या पाण्याने) परफ्यूजन केलेलं आहे, म्हणजे ते रक्तवाहिन्यांतून सोडलेलं आहे. हे गरजेचंच, नाहीतर लोहाच्या नकाशात हिमोग्लोबिनशिवाय दुसरं काही दिसणार नाही. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन वापरलंय, ईडीटीए नाही, हेही बरं झालं. ईडीटीए म्हणजे धातू पकडून नेणारा रेणू, तोच मेंदूतून फिरवला असता तर पुढचं सगळं व्यर्थ. पण सलाइनसोबत सोडियम आणि फॉस्फेट आलं. दोन्ही नोंदवून ठेवतो.

१३ जानेवारी

क्रायोस्टॅट, म्हणजे गोठवलेला नमुना पातळ कापायचं यंत्र. तापमान उणे २०. छेदाची जाडी ३० मायक्रॉन.

ठोकळा ज्या जेलीसारख्या माध्यमात बुडवून कापतात ते इथे टाळलं. त्याचा लेप छेदाच्या कडेने पसरतो आणि त्यात काय काय धातू असतात ते बाटलीवर कोणी लिहीत नाही. मेंदूचा फक्त तळ पाण्याच्या थेंबाने चकतीला गोठवून चिकटवला. कापायला अवघड जातं, छेद गुंडाळी घेतो, पण स्लाइडवर येतो तो फक्त मेंदू.

ब्लेडचा प्रश्न उरतोच. वापरून फेकायची ब्लेड पोलादाची, म्हणजे लोह आणि क्रोमियम. धारेवरून कण सुटला तर नकाशात एकाच पिक्सेलचा लखलखीत ठिपका दिसेल. क्रोमियम-५२ सोबत मोजून तो ओळखावा म्हटलं, तर ऊतीत कार्बन भरपूर, आणि आर्गॉन-४० व कार्बन-१२ मिळून वस्तुमान होतं ५२. म्हणजे साक्षीदारच खोटा. सध्या साधा नियम: लोहाचा एकटा पिक्सेल शेजारच्या छेदात त्याच जागी दिसला नाही, तर त्याला जैविक अर्थ द्यायचा नाही. ब्लेडची धारही दर थोड्या छेदांनी सरकवायची.

एकाआड एक छेद राखून ठेवले: एक लेझरसाठी, शेजारचा रंगकामासाठी (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला).

१७ जानेवारी

जिलेटिनचे स्टँडर्ड, म्हणजे धातूचं प्रमाण ठाऊक असलेले तुलनेचे नमुने.

काचेचे प्रमाणित नमुने आमच्याकडे आहेत, त्यांतला एनआयएसटी ६१२ रोजच्या ट्यूनिंगला (यंत्र जुळवून घ्यायला) वापरतो. पण काच आणि मेंदू लेझरखाली सारखे उडत नाहीत. कणांचा आकार वेगळा, उडणारं वस्तुमान वेगळं, प्लाझ्मावर पडणारा भार वेगळा. काचेवरून काढलेला आकडा मेंदूला लावणं म्हणजे मीटरपट्टीने दूध मोजणं. ऊतीसारखंच उडेल असं काहीतरी हवं, आणि जिलेटिन बऱ्यापैकी तसं वागतं.

कृती: १० टक्के जिलेटिन कोमट पाण्याच्या बाथमध्ये विरघळवायचं, त्यात चारही धातूंची द्रावणं वेगवेगळ्या प्रमाणात, साच्यात ओतून गोठवायचं, आणि मेंदूसारखंच ३० मायक्रॉनवर कापायचं. ऐकायला पोरखेळ. प्रत्यक्षात ढवळताना बुडबुडे होतात, आणि प्रत्येक बुडबुडा छेदात गोल भोक म्हणून उतरतो. म्हणून ढवळून झाल्यावर मिश्रण गरमच ठेवून निवांत सोडायचं, फेस वर आला की खालचं घ्यायचं. लोहाची वेगळी कटकट: आम्लता कमी झाली की फेरिक लोह पाण्याशी मिळून गुठळ्या धरतं. त्याचं द्रावण आम्लयुक्त ठेवलं, थेंबाथेंबाने घातलं.

थेंब स्लाइडवर टाकून वाळवायची सोपी वाट घेतली नाही. वाळताना पाणी कडेकडे ओढलं जातं आणि धातूही सोबत जातो. कडेला कडं, मधे उजाड. त्या ठिपक्याची सरासरी कुठे रेष मारली त्यावर बदलते.

२० जानेवारी

प्रत्येक स्टँडर्डचा तुकडा नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मायक्रोवेव्हवर पचवला आणि द्रावण करून मोजला. पिपेटने घातलेल्या आकड्यापेक्षा सगळेच थोडे वर. कारण उघड आहे: बाजारातलं जिलेटिन स्वच्छ नसतं, त्यात त्याचं स्वतःचं जस्त, तांबं, लोह असतं. म्हणून कॅलिब्रेशनच्या (सिग्नलवरून प्रमाण काढायच्या रेषेच्या) आडव्या अक्षावर घातलेला नव्हे, पचवून मोजलेला आकडाच घ्यायचा. काहीही न घातलेलं ‘ब्लँक’ जिलेटिनही शून्य नाही, तो रेषेवरचा एक साधा बिंदू आहे. खरा शून्य म्हणजे लेझर बंद असतानाचा गॅस ब्लँक.

२४ जानेवारी

लेझरची ताकद ठरवली. फुकट गेलेल्या छेदावर हळूहळू ऊर्जा वाढवत नेली आणि दर वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकीकडे ऊती पूर्ण निघाली पाहिजे, दुसरीकडे खालच्या काचेला ओरखडाही येता कामा नये. कमी पडली तर खाली तपकिरी पापुद्रा उरतो. जास्त झाली तर काच खरवडते आणि काचेतलं सोडियम, लोह नकाशात मिसळतं. साधारण १ ज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरच्या जरा वर दोन्ही अटी पाळल्या जातात. जिलेटिनही त्याच ऊर्जेवर पूर्ण निघतं, हे वेगळं तपासलं.

पूर्ण निघण्याचा आग्रह का, याचं गणित इथेच लिहून ठेवतो. ठिपका ३० मायक्रॉनचा चौकोनी, जाडी ३० मायक्रॉन. म्हणजे एका पिक्सेलमध्ये कापताना होती ती ओली ऊती २७,००० घन मायक्रॉन, साधारण २७ नॅनोग्रॅम. स्लाइडवर ती वाळून पातळ होते, पण वाळताना जातं ते पाणी. धातू तिथेच राहतो. मेंदूत पाणी पाऊण भागाहून अधिक, जिलेटिनमध्ये ९० टक्के. वाळल्यावर दोघांची जाडी वेगळी होईल, तरी दोन्हींचा पिक्सेल सारख्याच ओल्या आकारमानाचा आहे, आणि सगळंच उडवलं की हिशेब ओल्या वजनावर जुळतो. अर्धवट उडवलं तर कशाच्या प्रमाणात किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मेंदूत तांबं समजा ४ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम धरलं, तर एका पिक्सेलमध्ये ते भरतं जेमतेम ०.१ पिकोग्रॅम. एवढ्याशा गोष्टीवरून आपण रंग ठरवणार आहोत.

याची दुसरी बाजू: क्रायोस्टॅटने ३० म्हणून २७ कापलं तर उत्तर सरळ १० टक्क्यांनी खाली. त्यात लेझरचा दोष नाही, मास स्पेकचाही नाही. शेवटी अनिश्चितता मांडताना ही जाडीच सगळ्यात मोठा वाटा उचलणार असं दिसतंय.

२८ जानेवारी

वेळेचं गणित. पूर्ण कोरोनल (कानापासून कानापर्यंतचा उभा) छेद साधारण १० बाय ८ मिलिमीटर. ३० मायक्रॉनच्या रेषा लावल्या तर २६७ रेषा. वेग ६० मायक्रॉन प्रति सेकंद, म्हणजे एका रेषेला १६७ सेकंद, वर परत यायला आणि सिग्नल खाली बसायला १५ सेकंद. एकूण साडेतेरा तास. प्लाझ्मा तेवढा वेळ एकाच मूडमध्ये राहत नाही. एकच गोलार्ध घेतला तर सव्वासात तास. तेच ठरलं. ठिपका १५ मायक्रॉनचा केला असता तर पूर्ण छेदाला सत्तावीस तास, आणि दर ठिपक्याखाली ऊती एक चतुर्थांश.

वेग ६० का? क्वाड्रुपोल एका वेळी एकच वस्तुमान बघतो. सगळ्या वस्तुमानांवरून एक फेरी व्हायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात स्टेज ३० मायक्रॉन सरकतं, म्हणजे पिक्सेल चौकोनी. वाटणी अशी: कार्बन-१३ आणि फॉस्फरस-३१ ला प्रत्येकी २० मिलिसेकंद, मँगनीज-५५ ला ८०, लोह-५६ आणि ५७ ला ६०-६०, तांबं-६३ आणि ६५ ला ८०-८०, जस्त-६६ ला ७०. उरलेले ३० मिलिसेकंद एका वस्तुमानावरून दुसऱ्यावर जाऊन स्थिरावण्यात जातात.

मँगनीज सगळ्यात दुबळं, मेंदूत ते १ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्याही खाली असतं. सेकंदाला ५०० आयन मिळाले तरी ८० मिलिसेकंदांत ४०, आणि ४०चं वर्गमूळ सहा-सव्वासहा. म्हणजे दर पिक्सेलला सुमारे १६ टक्के गोंगाट निव्वळ मोजणीमुळेच. मँगनीजच्या नकाशात एकेका पिक्सेलवर बोट ठेवायचं नाही, भागांची सरासरीच बोलायची.

३१ जानेवारी

शेपटी मोजली. जिलेटिनवर एकेकटा शॉट मारून सिग्नल किती वेळात शिखराच्या एक टक्क्यावर येतो ते पाहिलं. दीड सेकंद! ६० मायक्रॉनच्या वेगाने दीड सेकंद म्हणजे ९० मायक्रॉन, तीन पिक्सेल. हिप्पोकॅम्पसचे थर एवढ्यात एकमेकांत मिसळून जातील.

लेझर चेंबर ते टॉर्च (जिथे प्लाझ्मा पेटतो तो भाग) ही नळी उगाच लांब होती, मशीन हलवायच्या सोयीसाठी कुणीतरी ठेवलेली. ती कापून निम्म्याहून आखूड केली, हेलियम थोडा वाढवला. आता अर्ध्या सेकंदाच्या आसपास, म्हणजे एक पिक्सेल. याहून वेगवान चेंबर मिळतात, काही मिलिसेकंदांत सिग्नल संपवणारे. पण अशा चेंबरमध्ये लेझरचा प्रत्येक ठोका सुटा दिसतो आणि क्वाड्रुपोलच्या फेरीशी त्याचा ताल जुळला नाही की नकाशावर खोटे पट्टे उमटतात. आमच्या २० हर्ट्झला अर्ध्या सेकंदात दहा शॉट पडतात आणि ते एकमेकांत मिसळतात. आमच्यासाठी हा मध्यम वेगच बरा.

एक पडताळणी रोज करायची: छेदाची तीच कड डावीकडून उजवीकडे एकदा, शेजारच्या रेषेत उजवीकडून डावीकडे एकदा. दोन्ही कडा जितक्या सरकलेल्या, तितकी शेपटी. म्हणूनच प्रत्यक्ष नकाशात सगळ्या रेषा एकाच दिशेने. जाता-येता लेझर चालवला तर वेळ वाचतो, पण प्रत्येक कडेला कंगव्याचे दात येतात.

३ फेब्रुवारी

हेलियमची टाकी संपली. दिवस गेला.

७ फेब्रुवारी

सकाळी ट्यूनिंग काचेवर. थोरियम ऑक्साइडचं थोरियमशी प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली, युरेनियम आणि थोरियमचे सिग्नल जवळपास सारखे. या काचेत दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात आहेत, म्हणजे आलेले कण प्लाझ्मात नीट जळताहेत. मग पहिला पूर्ण गोलार्ध, कोलिजन गॅस (जोडआयन अडवायला सोडतात तो वायू) न लावता, मुद्दाम. आधी उघडंवाघडं चित्र बघायचं होतं.

जस्त-६६ अपेक्षेप्रमाणे. हिप्पोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरस या भागाच्या पोटातला हायलस आणि तिथून सीए३ या शेजारच्या भागाकडे जाणारा मॉसी तंतूंचा (चेतातंतूंचा) पट्टा उजळ. १९५८ साली टिम यांनी चांदीच्या रंगकामाने दाखवलेला पट्टा तोच. फरक एवढा की टिमच्या पद्धतीत फक्त पुटिकांमधलं (पेशीतल्या इवल्या पिशव्यांमधलं) सैल जस्त रंगतं, म्हणून तो पट्टा काळाकुट्ट आणि बाजू जवळपास कोरी. इथे प्रथिनांत घट्ट बसलेलं जस्तही धरलं जातं आणि ते सगळीकडेच आहे, म्हणून पट्टा उजळ दिसतो पण पार्श्वभूमी कोरी नाही. हा पट्टा आमच्यासाठी रोजचा साक्षीदार. तो दिसला नाही तर बाकी चित्र बघायचंच नाही.

लोह-५६ म्हणजे धुकं. आर्गॉन-४० आणि ऑक्सिजन-१६ मिळून ५६ होतात, आणि आर्गॉन तर प्लाझ्माच आहे. कोरॉइड प्लेक्सस (मेंदूतला द्रव बनवणारा रक्तवाहिन्यांचा गुच्छ) तेवढा धुक्यातूनही चमकतो.

तांबं-६३ बघून सगळे पुढे सरसावले. तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) भिंतीवर तेजस्वी कडं, पार्श्व व्हेंट्रिकललाही तसंच, आणि मेंदूच्या बाहेरच्या कडेवर अखंड झळाळती किनार. सर म्हणाले, “किनार फारच सुंदर आहे, मला आवडत नाही.”

८ फेब्रुवारी

सरांच्या ‘आवडत नाही’वर काम. उंदरांच्या व्हेंट्रिकलभोवती तांबं साठतं हे क्ष-किरण फ्लुओरोसन्सने दिसलेलं आहे, म्हणून आतलं कडं असंभव नाही. बाहेरच्या किनारीला मात्र असा आधार नाही.

तांब्याच्या ६३ आणि ६५ या दोन समस्थानिकांचं (वेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचं) गुणोत्तर पिक्सेलगणिक काढलं. निसर्गात तांबं-६३ आहे ६९.१५ टक्के आणि तांबं-६५ आहे ३०.८५ टक्के, म्हणजे गुणोत्तर २.२४. मास स्पेक जड आयनांना थोडं झुकतं माप देतो, त्यामुळे पुस्तकातला आकडा धरून भांडायचं नाही. त्याच दिवशीच्या जिलेटिन स्टँडर्डमध्ये मिळालेलं गुणोत्तर हाच संदर्भ. आमचं जिलेटिन २.१५ च्या आसपास. मेंदूच्या आतल्या भागातही तेवढंच, गोंगाट धरून. बाहेरच्या किनारीवर ते तीनच्या वर जातं. व्हेंट्रिकलच्या पोकळीत, जिथे ऊतीच नाही, तिथे तर त्याहूनही वर.

तांब्याचे समस्थानिक मेंदूच्या कडेला जाऊन प्रमाण बदलत नाहीत. ६३ वर दुसरंच कोणीतरी बसलंय.

१० फेब्रुवारी

संशयित दोन. आर्गॉन-४० अधिक सोडियम-२३ बरोबर ६३. फॉस्फरस-३१ अधिक दोन ऑक्सिजन बरोबर ६३. परफ्यूजनच्या बाटलीत दोघेही होते.

फॉस्फरसच्या नकाशात मेंदूचा पांढरा भाग उजळ, कारण मायलिनमध्ये (तंतूंवरच्या चरबीच्या आवरणात) फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फरस असलेली चरबी, भरपूर. गुणोत्तर मात्र पांढऱ्या भागात ठीक आहे. फॉस्फेटमुळेच ६३ फुगत असतं तर आधी कॉर्पस कॅलोसममध्ये (दोन गोलार्ध जोडणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यात) फुगलं असतं. आमचा प्लाझ्मा कोरडा, पाण्याचा फवारा नाही, ऑक्सिजन मुळातच कमी; त्यामुळे हा संशयित दुबळाच होता.

सोडियम यादीत घेतलं. जस्ताचे १० मिलिसेकंद काढून सोडियम-२३ ला दिले, त्याला तेवढेही जास्तच होतात.

१२ फेब्रुवारी

शेजारचा छेद, सोडियमसह. सोडियमची किनार आणि ६३ ची किनार एकमेकांवर तंतोतंत. छेद स्लाइडवर वितळून बसताना आणि वाळताना खारं पाणी कडेकडे ढकललं गेलं, पोकळ्यांत साचलं आणि तिथे मीठ सोडून उडून गेलं, असा याचा अर्थ.

तरीही एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण मीठ जिथे गेलं तिथे तांबंही गेलं असू शकतं. म्हणून दोन साधे प्रयोग केले. एक: कोऱ्या स्लाइडवर त्याच सलाइनचा थेंब वाळवला आणि लेझर फिरवला. मेंदू नाही, तरी ६३ वर भरघोस सिग्नल. ६५ वर जवळपास गॅस ब्लँकइतकाच. दोन: ब्लँक जिलेटिनमध्ये फक्त मीठ घालून छेद केले. मीठ वाढेल तसा ६३ वाढतो, ६५ जागचा हलत नाही.

किनारीचा निकाल लागला. व्हेंट्रिकलच्या कड्याचा नाही.

१४ फेब्रुवारी

कोलिजन सेलमध्ये हेलियम सोडला. आर्गॉन-सोडियमसारखा जोडआयन एकट्या तांब्याच्या आयनापेक्षा आकाराने मोठा, म्हणून हेलियमशी जास्त वेळा आपटतो, जास्त ऊर्जा गमावतो, आणि पुढच्या विद्युत उंबरठ्यावर अडतो. तांबं पार होतं. किंमत: सगळ्यांचीच संवेदनशीलता घटते, हलक्या आयनांची सर्वात जास्त. कार्बन-१३ जवळपास मेलाच. मँगनीजला आणखी गोंगाट.

सलाइनच्या वाळलेल्या थेंबावर ६३ चा सिग्नल आता खाली आलेला. खारं जिलेटिन आणि साधं ब्लँक जिलेटिन यांत फरक दिसत नाही. आणि लोह-५६ चं धुकं ओसरलं, हा वरकड फायदा. आता ५६ आणि ५७ चे नकाशे एकमेकांशी जुळतात. निसर्गात ५६ आहे सुमारे ९१.८ टक्के आणि ५७ फक्त २.१, त्यामुळे ५७ दाणेदार दिसतो, पण आकृती तीच.

१८ फेब्रुवारी

कार्बन-१३ ला अंतर्गत मानक का केलं नाही, असं गटात विचारलं गेलं. ऊतीत कार्बन सगळीकडे असतो, म्हणून त्याने भागायचा मोह पडतो. अडचण दोन ठिकाणी आहे. लेझरखाली कार्बनचा काही भाग कणांत जातो आणि काही भाग थेट वायू होऊन. धातू कणांतच जातात. दोघांचा प्रवास वेगळा, तर एक दुसऱ्याच्या चुका कशा दुरुस्त करणार? शिवाय पांढऱ्या भागात चरबी जास्त म्हणून कार्बनही जास्त. त्याने भागलं की पांढऱ्या भागातला प्रत्येक धातू आपोआप कमी दिसेल. चित्र गुळगुळीत होतं, पण ते धातूचं राहत नाही.

आमची पद्धत कंटाळवाणी आहे: मेंदूच्या ठरावीक रेषांनंतर जिलेटिनच्या एका स्टँडर्डवरून एक रेष, सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या स्टँडर्डवरून. त्यांतून यंत्राची घसरण कळते आणि मधल्या रेषा त्याप्रमाणे सुधारता येतात. सव्वासात तासांच्या वर वेळ लागतो, तो द्यायचा.

२१ फेब्रुवारी

हेलियम मोडमध्ये पूर्ण गोलार्ध. रात्रभर चालला.

तांबं-६३ : बाहेरची किनार नाही. व्हेंट्रिकलच्या पोकळीत काही नाही. भिंतीवरचं कडं शिल्लक आहे, पहिल्या चित्रापेक्षा बुटकं आणि अरुंद. ६३-६५ गुणोत्तर कड्यात, कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) आणि जिलेटिनमध्ये एकच. सोडियमच्या नकाशाशी आता त्याचा काही संबंध दिसत नाही. म्हणजे आधीच्या कड्यात खरं तांबं आणि मिठाचं भूत दोन्ही एकमेकांवर बसलेली होती. नुसती किनार कापून टाकून आतलं कडं जसंच्या तसं ठेवलं असतं, तर तांबं फुगवून सांगितलं गेलं असतं.

७ तारखेची मोजणी तांबं-६५ वरून पुन्हा काढली. तिथेही कडं आहे आणि उंची हेलियम मोडच्या जवळपास. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, आता ते लिहायला हरकत नाही.

२५ फेब्रुवारी

शेजारच्या छेदावर पर्ल्सचं प्रशियन ब्लू, १८६७ पासून चालत आलेलं लोहाचं रंगकाम. कोरॉइड प्लेक्ससजवळ निळं दिसलं, बाकी मेंदू जवळजवळ कोरा. लेझरच्या नकाशात मात्र लोह सगळीकडे कमीजास्त आहे. विरोध नाही. पर्ल्समध्ये प्रामुख्याने फेरिटिन-हिमोसिडरिनसारखं साठ्यातलं फेरिक लोह रंगतं. हीममध्ये (हिमोग्लोबिनच्या लोह धरणाऱ्या भागात) बसलेलं लोह रंगत नाही. लेझरला असा भेद नाही. रंगकाम करणारी मंडळी ‘तुमचं लोह जास्त येतंय’ म्हणतात तेव्हा हेच सांगावं लागतं.

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा (पेशी दाखवणाऱ्या नेहमीच्या रंगकामाचा) छेद नकाशावर बसवताना मात्र त्रास. छेद स्लाइडवर घेताना किंचित ताणला जातो, प्रत्येक वेळी वेगळा. फिरवून-सरकवून कड जुळते, पण हिप्पोकॅम्पस एक-दोन पिक्सेल हुकतो. ताणून बसवायची सोय इमेजजे या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण धातूचा नकाशा ताणायचा नाही, ऊतिचित्रच ताणायचं. मोजलेले पिक्सेल मोजले तसेच राहिले पाहिजेत.

२८ फेब्रुवारी

चित्रं कशी छापायची यावर वाद. इंद्रधनुष्यी रंगपट्टी सगळ्यांना आवडते आणि तीच सगळ्यात फसवी: पिवळ्याच्या जागी डोळ्याला कड दिसते, आकड्यांत ती नसते. एकाच दिशेने उजळत जाणारी पट्टी घेतली. पिक्सेल गुळगुळीत करायचे नाहीत, चौकोन चौकोनच दिसू देत. गॅस ब्लँकच्या तीन प्रमाण विचलनांखालचे पिक्सेल राखाडी. मँगनीजचा बराच नकाशा त्यामुळे राखाडी झाला आणि एकजण हिरमुसली. पण तिथे रंग भरायला आपल्याकडे काही नाही.

प्रत्येक चित्राशेजारी मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमची पट्टी, आणि ‘ओल्या वजनावर’ हे शब्द. कोरड्या वजनावरचे आकडे चार-पाच पट मोठे येतात, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल न जुळण्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं.

४ मार्च

पुढचं काम फक्त व्हेंट्रिकलच्या भिंतीवर. ३० मायक्रॉनमध्ये कडं दोन-तीन पिक्सेलचं दिसतं, त्यात पेशींचा थर कुठला आणि शेपटी कुठली ते सांगता येत नाही. १ बाय १.५ मिलिमीटरची खिडकी, ठिपका १० मायक्रॉन, वेग २० मायक्रॉन प्रति सेकंद: १५० रेषा, पावणेतीन तास. पण ठिपक्याचं क्षेत्रफळ नवव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे मोजणीचा गोंगाट तिप्पट.

भरपाई म्हणून यादी छाटली. कार्बन, फॉस्फरस, मँगनीज, जस्त आणि दोन्ही लोह बाहेर. राहिले तांबं-६३, तांबं-६५ आणि सोडियम-२३. सोडियमला १० मिलिसेकंद, बाकी वेळ दोन तांब्यांत निम्मा-निम्मा, म्हणजे प्रत्येकी सुमारे २४०. हेलियम मोड कायम. खाऱ्या जिलेटिनची एक रेष सुरुवातीला आणि एक शेवटी. नवे छेद गुरुवारी कापायचे, यावेळी २० मायक्रॉनवर. स्टँडर्डही त्याच जाडीचे लागतील, म्हणून जिलेटिनचे ठोकळे आजच बाहेर काढून तपासले: सर्वांत जास्त तांब्याच्या ठोकळ्याला तडा गेलाय, तो नव्याने ओतावा लागेल.